पुढचा फोर्क घरी सुधारायचा तर: आधी मोजमाप, मग स्प्रिंग, मग तेल

गाडी पुढून मऊ वाटते म्हणून गॅरेजला नेली की बहुतेक ठिकाणी एकच इलाज होतो. फोर्कमध्ये, म्हणजे मोटरसायकलचं पुढचं चाक धरणाऱ्या आणि खड्ड्यात दबणाऱ्या दोन पाइपांच्या जोडीत, जाड तेल भरतात, नाहीतर आहे तेच जरा जास्त भरतात. ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं थोडं कमी होतं, आणि त्याच वेळी प्रत्येक बारीक खड्डा मनगटात जाणवायला लागतो. मूळ तक्रार स्प्रिंगची असते आणि औषध तेलाचं दिलं जातं, म्हणून असं होतं. या लेखात मला हेच उलगडून सांगायचं आहे: स्प्रिंगचं काम वेगळं, तेलाचं काम वेगळं, आणि कुठे काय कमी पडतंय हे घरच्या घरी फूटपट्टीने आणि वजनकाट्याने कळू शकतं.

लेख साध्या टेलिस्कोपिक फोर्कबद्दल आहे. पाइप वर, जाड केस खाली आणि आत डॅम्पर रॉड, म्हणजे भोकं असलेली नळी, अशी ही रचना असते. क्लासिक ३५०, हिमालयन ४११, पल्सरची बहुतेक मॉडेलं, युनिकॉर्न, स्प्लेंडर या सगळ्यांत तीच आहे. उलट्या म्हणजे यूएसडी फोर्कचं मोजमाप असंच करतात, पण खोलण्याची पद्धत निराळी असते. त्या खोलायला हा लेख वापरू नका.

आत काय चालतं

स्प्रिंग वजन पेलते. ती किती दबली यावर तिचा जोर ठरतो, किती वेगाने दबली याच्याशी तिला देणंघेणं नाही. तेलाचं काम नेमकं उलटं. फोर्क स्थिर असताना तेलाचा जोर शून्य असतो. तो हलायला लागला की तेल डॅम्पर रॉडच्या भोकांतून ढकललं जातं आणि विरोध तयार होतो. ब्रेक धरून ठेवल्यावर फोर्क शेवटी कुठे थांबणार हे म्हणूनच स्प्रिंग ठरवते. जाड तेलाने तो तिथे जरा उशिरा पोचतो, एवढंच.

डॅम्पर रॉडची खरी अडचण त्या भोकांची आहे. ती ठरावीक मापाची असतात. पिचकारीचा दांडा हळू दाबला तर रंग सहज निघतो, जोरात दाबला तर हात अडतो, तसंच इथे होतं. भोकातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. ब्रेकिंगमध्ये फोर्क हळू दबतो, तिथे विरोध अपुरा पडतो. तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यात फोर्क झटक्यात दबतो, तिथे विरोध इतका वाढतो की फोर्क जणू लॉक होतो. तेल जाड केलं की पहिली तक्रार थोडी घटते आणि दुसरी बरीच वाढते.

त्यातून अनेक गॅरेजमध्ये फोर्क ऑइलच्या जागी इंजिन ऑइल ओततात. १० डब्ल्यू फोर्क ऑइलची स्निग्धता, म्हणजे जाडपणा, ४० अंश सेल्सिअसला साधारण ३० ते ५० सेंटिस्टोक्समध्ये (हे स्निग्धतेचं एकक) असते. २० डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ५० इंजिन ऑइलची त्याच तापमानाला १०० च्या बरीच वर जाते. एवढ्या जाड तेलावर चालणारा फोर्क कोणत्याही रस्त्यावर आरामदायक होणार नाही.

खोलण्याआधीची तपासणी

या तपासणीत अर्ध्या तक्रारी मिटतात, म्हणून ती टाळू नका. टायरची हवा थंड असताना कंपनीने सांगितलेली आहे ना, ते आधी पाहा. मग गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं थांबत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला आहे. मग फोर्कची दोन्ही खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. टकटक जाणवली तर कोनसेट ढिला आहे किंवा फोर्कचे बुश, म्हणजे पाइप ज्यांवर सरकतो त्या कड्या, झिजले आहेत. कोनसेट खराब असताना फोर्कवर केलेला खर्च वाया जातो.

पाइपवर तेलाची ओली कडी दिसली तर लगेच सील, म्हणजे तेल आत अडवणारी रबरी रिंग, बदलायला घेऊ नका. बऱ्याचदा सीलच्या ओठात मातीचा कण अडकलेला असतो. कोकणातल्या लाल मातीत पावसाळाभर फिरलेल्या गाडीत तर हमखास. डस्ट सील, म्हणजे धूळ अडवणारी वरची रबरी रिंग, वर सरकवा. प्लास्टिकच्या बाटलीची पातळ पट्टी कापा, तिच्या टोकाला एक छोटा आकडा करा, ती पाइप आणि सीलच्या मधून घालून पूर्ण वर्तुळात फिरवा आणि बाहेर ओढा. काळी घाण निघते. पुसून चार-पाच दिवस गाडी चालवून पाहा. गळती थांबली नाही तरच सील बदला.

पाइपवरून नख फिरवा. नख अडेल असा गंजाचा खड्डा सील चालतो त्या भागात असेल तर नवीन सीलही टिकणार नाही. एखादा बारीक ठिपका असेल तर आतला गंज खरवडून, एपॉक्सी भरून, वाळल्यावर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यासकट घासला की काम भागतं. पाइप सीलच्या पट्ट्यात सगळीकडून गंजला असेल तर बदलणंच योग्य.

सॅग मोजणं

आपल्या वजनाने फोर्क जितका खाली बसतो त्याला सॅग म्हणतात. यासाठी तीन माणसं लागतात: बसणारा, गाडी सरळ धरणारा आणि मोजणारा. नेहमी जे घालून चालवता ते सगळं घाला, जॅकेट-हेल्मेटसह. टाकी अर्धी भरलेली असू द्या.

पहिलं माप पुढचं चाक अधांतरी असताना घ्या. डस्ट सीलच्या वरच्या कडेपासून खालच्या टी च्या (दोन्ही पाइप धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्टीला टी म्हणतात, एक वर आणि एक खाली असते) खालच्या कडेपर्यंत पाइपची जेवढी लांबी उघडी दिसते तेवढी. मग चाक जमिनीवर, तुम्ही गाडीवर, दोन्ही पाय फूटरेस्टवर, ब्रेक सोडलेला. मदतनीसाने हँडल खाली दाबावं आणि अगदी हळू सोडावं. फोर्क जिथे थांबेल तिथे दुसरं माप. मग हँडल वर उचलून हळू खाली सोडावं. तिथे तिसरं माप. दुसऱ्या आणि तिसऱ्याची सरासरी पहिल्यातून वजा केली की स्वारासहचा सॅग मिळतो. हेच सगळं रिकाम्या गाडीवर केलं की मोकळा सॅग मिळतो.

दोन मापं घ्यायची, कारण आतल्या घर्षणामुळे फोर्क नेमका एकाच जागी थांबत नाही. या दोन मापांमधला फरक म्हणजे तुमच्या फोर्कचं घर्षण. तो १० ते १२ मिलिमीटरच्या वर असेल तर स्प्रिंगचा विचार बाजूला ठेवा. पाइप वाकलेला आहे, ॲक्सल ताणात बसवला आहे, नाहीतर सील कोरडे आहेत, ते आधी शोधा.

रस्त्यावरच्या गाडीला स्वारासहचा सॅग फोर्कच्या एकूण प्रवासाच्या ३० टक्क्यांच्या आसपास चांगला. नव्या क्लासिक ३५० च्या पुढच्या फोर्कचा प्रवास १३० मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण ३९ मिलिमीटर. हिमालयन ४११ चा २०० आहे, तिथे ६० च्या आसपास. मोकळा सॅग १५ ते २० टक्के असावा.

एका पाइपवर, डस्ट सीलला टेकवून, बारीक झिप टाय बांधा. फिरून आल्यावर तो जिथे सरकलेला असेल तेवढा फोर्क दबला होता. आठवडाभर नेहमीच्या रस्त्यावर चालवा आणि रोज टिपून ठेवा. पुढचे सगळे निर्णय या नोंदींवर घ्यायचे आहेत.

स्प्रिंग किती कडक हवी

इथे जरा गणित आहे, पण सातवीच्या पलीकडचं नाही. बाथरूमचा वजनकाटा घ्या आणि पुढचं चाक त्यावर ठेवा. मागच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवा, नाहीतर आकडा चुकतो. रिकाम्या गाडीचं आणि तुमच्यासहचं अशी दोन वजनं टिपा. काटा १५० किलोपर्यंतचा असेल तर ३५० सीसीच्या गाडीला पुरतो.

समजा रिकाम्या गाडीला ९४ किलो आणि तुमच्यासह १२४ किलो आले, म्हणजे पुढे तुमचा भार ३० किलो. मोकळा सॅग २२ मिलिमीटर आणि स्वारासहचा ४९, म्हणजे त्या ३० किलोंनी फोर्क २७ मिलिमीटर दबला. फोर्क तिरपा असल्यामुळे त्याच्या दिशेने भाराचा साधारण ९० टक्के भाग येतो: २७ किलो. हे २७ किलो दोन स्प्रिंगांत वाटले गेले आणि त्या २७ मिलिमीटर दबल्या, तेव्हा प्रत्येक स्प्रिंगची कडकपणाची किंमत अर्धा किलो प्रति मिलिमीटर. फोर्क न खोलता स्प्रिंगचा आकडा हातात आला.

आता हव्या असलेल्या कडकपणाचा आकडा. १२४ किलोंतून चाक, डिस्क, टायर, खालचे केस यांचं वजन वजा करा, कारण ते स्प्रिंगवर येत नाही. अंदाजे २० किलो धरा. उरले १०४, त्याचे ९० टक्के ९४ किलो. सॅग हवा ३९ मिलिमीटर. त्यात प्रीलोड मिळवायचा, म्हणजे फोर्क पूर्ण उघडा असतानाही स्प्रिंग जेवढी दाबून बसवलेली असते ते. तो २५ ते ३० मिलिमीटर धरू. २८ धरला तर स्प्रिंग एकूण ६७ मिलिमीटर दबेल. ९४ भागिले दोनदा ६७, उत्तर ०.७० किलो प्रति मिलिमीटर. या उदाहरणातली मूळ स्प्रिंग ०.५० ची, म्हणजे या स्वारासाठी फारच मऊ.

मऊ स्प्रिंगवर वॉशर टाकून प्रीलोड वाढवला तर सॅगचा आकडा बरोबर आणता येतो, पण स्प्रिंग तेवढीच मऊ राहते. ही सोय बहुतेक जण करतात, आणि मी ती सुचवणार नाही. ती ओळखायची खूण सोपी आहे: स्वारासहचा सॅग बरोबर आणि मोकळा सॅग जवळजवळ शून्य असेल तर स्प्रिंग मऊ आणि प्रीलोड भरमसाट. उलट मोकळा सॅग फार जास्त असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक.

स्प्रिंग मिळवायचे तीन मार्ग आहेत. तयार किट घेणं सगळ्यात सोपं. थायलंडची वायएसएस, नेदरलँड्सची हायपरप्रो या कंपन्या लोकप्रिय मॉडेलांसाठी स्प्रिंगा देतात. दुसरा मार्ग स्प्रिंग वळून घेण्याचा. आपल्याकडे ही सोय जवळ आहे. वाळूज आणि चाकणमध्ये एन्ड्युरन्स आणि गॅब्रिएल यांचे कारखाने आहेत, आणि त्या औद्योगिक पट्ट्यांत छोटे स्प्रिंगवालेही सापडतात. त्यांना तारेची जाडी, बाहेरचा व्यास, मोकळी लांबी आणि हवा असलेला कडकपणा हे चारही आकडे लिहून द्या. नुसतं 'जरा कडक करा' सांगून काही मिळत नाही.

तिसरा मार्ग आहे ती स्प्रिंग कापण्याचा. स्प्रिंगचे वेढे कमी केले की ती त्याच प्रमाणात कडक होते. काम करणारे ४४ वेढे असलेली ०.५५ ची स्प्रिंग ०.६५ करायची तर ४४ गुणिले ०.५५ भागिले ०.६५, म्हणजे ३७ वेढे ठेवायचे आणि कापलेली लांबी स्पेसरने, म्हणजे स्प्रिंगसोबत बसणाऱ्या नळीच्या तुकड्याने, भरायची. अनेक मूळ स्प्रिंगांत एका टोकाला वेढे जवळजवळ असतात. तो मऊ भाग, कापायचं तिकडून. पातळ कटिंग डिस्क वापरा आणि मध्ये मध्ये पाणी मारत राहा. गॅसने कापलेल्या टोकाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं; ती स्प्रिंग फेकून द्यावी लागते. कापल्यावर एक हिशेब सक्तीने करा: नवीन मोकळ्या लांबीतून प्रीलोड आणि पूर्ण प्रवास वजा करा. जे उरेल ते, एकूण वेढे गुणिले तारेची जाडी, यापेक्षा जास्त असायला हवं. नसेल तर फोर्क पूर्ण दबण्याआधी वेढ्याला वेढा टेकून स्प्रिंग लोखंडाचा ठोकळा होईल.

फोर्क उतरवणं

तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवा. तेलाचं माप आणि बोल्टचे टॉर्क तिथूनच घ्यायचे. साहित्य: रिंग पाने आणि गोट्यांचा सेट, लांब ॲलन की, टॉर्क रेंच, सर्क्लिप (खाचेत बसणारी अडकवणीची रिंग) काढायला टोकदार स्क्रू-ड्रायव्हर, मेजरिंग जार, मोठी सिरिंज आणि तिला बारीक नळी, नवीन ऑइल सील, डस्ट सील, खालच्या बोल्टचे नवे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर.

गाडी डबल स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक उचला. डबल स्टँड नसेल तर वरच्या बीमला पट्ट्याने हँडल बांधून घेणं जास्त भरवशाचं. ब्रेक कॅलिपर सोडवून तारेने टांगा. ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घाला, म्हणजे चुकून लिव्हर दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येणार नाहीत. एबीएस असेल तर चाकाजवळचा सेन्सर आणि त्याची वायर जपा.

पाइप टी मधून काढण्याआधी दोन कामं करायची. वरच्या टी चा बोल्ट ढिला करून वरची कॅप फक्त सैल करा, खालच्या टी ने पाइप अजून घट्ट धरलेला असताना. नंतर मोकळ्या पाइपवर ती सुटत नाही. मग चाक काढून बॉटम केसच्या तळाचा ॲलन बोल्ट सैल करा. स्प्रिंगचा दाब असतानाच तो सुटतो. स्प्रिंग काढल्यावर आतला डॅम्पर रॉड बोल्टसोबत फिरत बसतो. मदतनीसाला फोर्क वर दाबून धरायला सांगा, म्हणजे पकड वाढते. तरीही फिरत असेल तर इम्पॅक्ट गनचा एक छोटा झटका पुरतो.

आता फोर्क बाहेर काढा. कॅप उघडताना तोंड बाजूला ठेवा. ती स्प्रिंगच्या दाबाखाली असते आणि शेवटचा आटा सुटताना उडते. जुना टॉवेल घेऊन तळव्याने दाबून धरा, दुसऱ्या हाताने पाना फिरवा. काही गाड्यांत आट्यांऐवजी सर्क्लिपने अडकवलेली कॅप असते. ती एका माणसाने दाबून धरायची आणि दुसऱ्याने क्लिप काढायची.

स्पेसर, वॉशर, स्प्रिंग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडा आणि फोटो काढून ठेवा. तेल पसरट पांढऱ्या भांड्यात ओता आणि उन्हात नेऊन पाहा. नवं तेल स्वच्छ लाल, निळं किंवा पिवळसर असतं. बाहेर येतं ते राखाडी आणि उग्र वासाचं. भांडं हलवल्यावर चंदेरी चकाकी फिरताना दिसली तर बुश झिजतायत. तपकिरी दुधाळ झालं असेल तर आत पाणी गेलंय, म्हणजे डस्ट सील कधीच निकामी झालेला आहे.

स्प्रिंग बाहेर असतानाच पाइप हाताने पूर्ण आत दाबा आणि उघडी राहिलेली लांबी मोजून ठेवा. फोर्कची खरी तळाची जागा ती. झिप टाय तिथपर्यंत पोचला तरच फोर्क तळाला टेकला असं म्हणता येतं.

तळाचा बोल्ट काढा, डस्ट सील उचला, सर्क्लिप काढा. बुश असलेल्या फोर्कमध्ये पाइप आत सरकवून बाहेरच्या दिशेने झटके द्यायचे. चार-पाच झटक्यांत सील आणि बुश एकत्र बाहेर येतात. बुश नसलेल्या फोर्कमध्ये पाइप नुसता ओढला की निघतो आणि सील केसमध्येच राहतो. तो काढताना केसच्या कडेवर कापडाची जाड घडी ठेवून टायर लिव्हरने उचला. कडेवर चर पडला तर तिथूनच गळती सुरू होते. पाइप जाड काचेवर लोळवून पाहा. खालून प्रकाशाची फट उघड-मीट होत असेल तर पाइप वाकलेला आहे. वाकलेला पाइप प्रेसवर सरळ करून देणारे आहेत. पुढच्या चाकाच्या बाबतीत मी तो धोका पत्करणार नाही.

सगळं रॉकेलने धुवा, हवेने सुकवा, डॅम्पर रॉडची भोकं मोकळी आहेत ना ते उजेडाकडे धरून पाहा.

इम्युलेटर बसवायचे का

इम्युलेटर म्हणजे डॅम्पर रॉडच्या डोक्यावर बसणारा छोटा व्हॉल्व्ह. त्याला वरून मुख्य स्प्रिंग दाबून धरते. अमेरिकेच्या रेसटेकचे आणि वायएसएसचे प्रसिद्ध आहेत. आत स्वतःची बारीक स्प्रिंग असते: फोर्क हळू दबताना तेल छोट्या वाटेने जातं आणि ब्रेकिंगला आधार मिळतो, झटका बसला की व्हॉल्व्ह उघडतो आणि तेलाला मोठी वाट मिळते. वर सांगितलेली चौपटीची अडचण यातून सुटते. साध्या फोर्कवर स्प्रिंगनंतर पैसे खर्च करायचे असतील तर याच्यावर करावेत असं माझं ठाम मत आहे.

बसवताना डॅम्पर रॉडची खालची भोकं मोठी करावी लागतात, गरज असेल तर नवी पाडावी लागतात. बहुधा ८ मिलिमीटरची सहा. दाबण्याचं काम आता व्हॉल्व्हकडे जातं, रॉडने आड येऊ नये. वरची बारीक भोकं परत येण्याच्या वेगासाठी असतात, त्यांना हात लावायचा नाही. भोकं पाडल्यावर आतली कड गोल घासा आणि एकही कीस आत राहू देऊ नका. व्हॉल्व्हच्या उंचीएवढा स्पेसर कापायला विसरलात तर प्रीलोड तेवढ्याने वाढेल. हे भोकांचं काम मागे घेता येत नाही, म्हणून आधी स्प्रिंग बदलून महिनाभर चालवून पाहा. शहरातल्या वापराला बहुतेकांना तेवढ्यावर समाधान मिळतं.

जोडणी आणि तेल

नवा सील पाइपवर चढवताना पाइपच्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी ताणा आणि तिला फोर्क ऑइल लावा, म्हणजे धारदार कडेने सीलचा ओठ फाटत नाही. अक्षरांची बाजू वर. पाइपवरून सैलसर सरकेल असा पीव्हीसी पाइपचा तुकडा घेऊन त्याने सील समान ठोकत खाली न्या, सर्क्लिपची खाच चारी बाजूंनी दिसेपर्यंत. तळाच्या बोल्टला नवा वॉशर आणि थ्रेडलॉक.

तेल निवडताना बाटलीवरचा १० डब्ल्यू वाचून थांबू नका. फोर्क ऑइलमध्ये या आकड्याला सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचं १० डब्ल्यू ४० अंशांना ३५ सेंटिस्टोक्सच्या खाली असतं, दुसरीचं ४५ च्या वर. कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो, तो टिपा आणि नंतर कमी-जास्त करायचं असेल तर त्याच कंपनीच्या दोन तेलांचं मिश्रण करा. स्प्रिंग कडक केली असेल तर ती परत उसळतेही जोरात, म्हणून तेल एक पायरी जाड लागू शकतं. सुरुवात मात्र कंपनीच्या तेलानेच करा.

मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं जास्त तेल ओता. पाइप सावकाश वर-खाली करत बुडबुडे निघून जाऊ द्या, दहा मिनिटं उभा ठेवा. मग स्प्रिंग बाहेर आणि पाइप पूर्ण आत दाबलेला असताना, पाइपच्या तोंडापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मॅन्युअलमधल्या आकड्याएवढं ठेवा. सिरिंजच्या नळीवर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टीची खूण करा, खूण तोंडाशी धरा आणि वरचं तेल ओढून घ्या. दोन्ही फोर्क अगदी सारखे येतात.

ही मोकळी जागा हवेची असते आणि हवासुद्धा स्प्रिंगच आहे. फोर्क दबत जाईल तशी ती आवळते आणि शेवटच्या टप्प्यात तिचा जोर झपाट्याने वाढतो. तेलाची पातळी ५ मिलिमीटर वर घेतली तर सुरुवातीच्या प्रवासात फरक कळतही नाही, तळाला टेकणं मात्र कमी होतं. एका वेळी ५ मिलिमीटरच बदला. हवेला जागाच ठेवली नाही तर दाबाने सील फुटतात.

फोर्क टी मध्ये आधी होता त्याच उंचीवर, दोन्ही बाजूंना सारखा बसवा. आधी खालच्या टी चे बोल्ट, मग वरची कॅप, मग वरच्या टी चे. ॲक्सल हाताने सरकत आत जायला हवा; हातोडी लागत असेल तर दोन पाइप समांतर नाहीत, टी चे बोल्ट ढिले करून पुन्हा बसवा. ॲक्सलचा मुख्य नट आवळा, गाडी जमिनीवर घ्या, ब्रेक न धरता फोर्क आठ-दहा वेळा जोरात दाबून सोडा आणि त्यानंतरच ॲक्सलचा पिंच बोल्ट, म्हणजे केसच्या टोकात ॲक्सल चिमटीत धरणारा बोल्ट, आवळा. हे न केल्याने नवे सील आणि महागडं तेल घालूनही फोर्क अडखळत राहतो. कॅलिपर बसवल्यावर लिव्हर घट्ट लागेपर्यंत पंप करा, त्याआधी गाडी हलवू नका.

रस्त्यावरचं ट्यूनिंग

सॅग पुन्हा मोजा. २ मिलिमीटर इकडेतिकडे चालेल. जास्त असेल तर स्पेसर कापून किंवा वॉशर टाकून जुळवा. मग ओळखीचा एकच रस्ता निवडा, ज्यात गतिरोधक, तुटलेला पॅच आणि एक उताराचं वळण असेल. पुण्याकडच्या लोकांना ताम्हिणी उत्तम. दर फेरीला एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा.

गतिरोधकावरून उतरल्यावर पुढचा भाग दोन-तीनदा वर-खाली होत असेल तर परत येण्याचं डॅम्पिंग, म्हणजे तेलाचा विरोध, कमी आहे. तेल थोडं जाड करा. सलग खड्ड्यांच्या रस्त्यावर पहिला खड्डा मऊ आणि पुढचे कडक लागत असतील तर उलटं घडतंय: फोर्क पुरता उघडायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि तो खाली खालीच जात राहतो. तेल पातळ करा. बहुतेक जण इथे तेल आणखी जाड करतात आणि गाडी बिघडवतात. बारीक खरखरीत रस्ता हातात येत असेल तर घर्षण आणि प्रीलोड तपासा. सॅग बरोबर असूनही जोरदार ब्रेकला झिप टाय तळाशी जात असेल तर तेलाची पातळी ५ मिलिमीटर वर. सगळ्यात वाईट प्रसंगी ५ ते १० मिलिमीटर प्रवास शिल्लक राहिला की समजा जमलं. नेहमीच ४० मिलिमीटर शिल्लक राहत असेल तर स्प्रिंग फार कडक आहे.

पुढचा भाग उंच झाल्याने गाडी वळायला जड वाटली तर पाइप टी मधून ५ मिलिमीटर वर सरकवा. १४०० मिलिमीटरच्या आसपास व्हीलबेस असलेल्या गाडीत तेवढ्याने हेड अँगल, म्हणजे हँडल ज्या दांड्यावर फिरतं त्याचा तिरपेपणा, साधारण ०.२ अंशांनी बदलतो, आणि तो हँडलवर जाणवतो. एका वेळी ५ च्या पुढे जाऊ नका, आणि फोर्क पूर्ण दबल्यावर मडगार्ड किंवा टायर कशाला घासणार नाही हे बघून घ्या.

दुसऱ्या मॉडेलचा अख्खा यूएसडी फोर्क बसवण्याचा सल्ला ऐकू येतो. त्यात टी चा ऑफसेट (हँडलच्या दांड्यापासून पाइप किती पुढे आहेत ते अंतर), चाकाचा ॲक्सल, डिस्कची जागा, एबीएसचा सेन्सर सगळं बदलतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे आणि अपघातानंतर विमा कंपनी गाडी तपासते. मूळ फोर्कच्या आत योग्य स्प्रिंग आणि ताजं तेल घालून मिळणारा फरक पुष्कळ मोठा असतो.

तेल दर दोन वर्षांनी बदला, पावसात रोज चालवत असाल तर दर वर्षी, पावसाळा संपल्यावर. जुनं तेल गटारात ओतू नका. बंद डब्यात भरून जवळच्या गॅरेजला द्या; त्यांच्याकडे जळकं तेल घेऊन जाणारा माणूस येतो.